सध्या काय करतोस?

नोकरी गेल्यावर माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? होम लोनच्या हप्त्याची? चूक. सोसायटीच्या लिफ्टची.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही थ्री-फोर्थ घालून दूध आणायला निघालेले असता आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबून तिथले काका आत शिरतात. "काय, आज सुट्टी?" पहिल्या आठवड्यात आपण म्हणतो, "वर्क फ्रॉम होम." दुसऱ्या आठवड्यात म्हणतो, "प्रोजेक्ट संपलंय, जरा ब्रेक घेतलाय." तिसऱ्या आठवड्यात काका काही विचारतच नाहीत. नुसतं बघतात. ते जास्त वाईट.

आणि मग एके दिवशी आपल्याला उत्तर सापडतं. "कॅटची तयारी करतोय." काकांचा चेहरा असा उजळतो म्हणून सांगू! "अरे वा! छान छान! शिकावं माणसाने. आमच्या वेळी कुठे होतं हे..." लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत तुम्ही बेकारचे विद्यार्थी झालेले असता. आपल्या मराठी मध्यमवर्गात बसून खाणारा माणूस म्हणजे कलंक, पण अभ्यास करणारा माणूस कितीही वर्षं बसून खाऊ शकतो.

आजचा विषय हा. नोकरी गेल्यावर एमबीएला अर्ज करणं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते चहा प्यायला मोकळे: नोकरी गेल्यावर एमबीएचा फॉर्म भरण्यात काहीच गैर नाही. पण आपल्यातले बरेच जण तो फॉर्म बिझनेस स्कूलसाठी भरत नाहीत, लिफ्टमधल्या काकांसाठी भरतात. आणि काकांना द्यायच्या उत्तराची किंमत चाळीस लाख रुपये ही जरा जास्तच आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये मला आलेला एक फोन. माझ्या जुन्या टीममधली एक मुलगी. नाव सांगत नाही, पुण्यात आयटीवाले सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिची नोकरी गेली होती. म्हणाली, "बिझनेस स्कूलला अप्लाय करतेय. तुम्ही रेको द्याल का?" रेको म्हणजे रेकमेंडेशन, शिफारसपत्र. आता आयटीत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. ही माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण टीममध्ये होती तेव्हा सरळ नावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायची. त्या फोनवर मी पहिल्यांदा 'तुम्ही' ऐकलं. त्या 'तुम्ही'कडे शेवटी येतो. आधी स्वतःची पात्रता सांगतो.

मी हा उद्योग स्वतः करून बसलोय. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना लेहमन कोण हेच माहीत नव्हतं. आमचा क्लायंट एक अमेरिकन बँक. डिसेंबरपर्यंत आम्ही सगळे बेंचवर. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंचं ते पत्र आलं आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे आवाजच बसले. मार्चमध्ये मला एका मीटिंग रूममध्ये बोलावलं. वीस मिनिटं. वय वर्षं २६, टू-व्हीलरचं लोन चालू, लग्नाचं बघणं चालू. (ते लगेच थांबलं. मुलीकडच्यांना बातम्या आपल्याआधी कळतात.)

दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन कॅटची पुस्तकं घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी! 'मॅनेजमेंट' ह्या विषयात मला त्या आधीच्या २६ वर्षांत एकदाही रस वाटला नव्हता. पण पुस्तकांची पिशवी हातात घेऊन घरी आलो तेव्हा आईचा चेहरा जो सैल झाला तो मला आजही आठवतो. खरं सांगायचं तर मी कॅट त्या चेहऱ्यासाठी दिली.

आणि कॅट दिली तीही २००९ ची. ज्यांना माहीत आहे ते हसले असतील. :-) कॅट पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर झाली ते वर्ष. तोपर्यंत कागद-पेन्सिल होती. अॅक्सिस बँकेतून व्हाउचर विकत घ्यायचं आणि मग ऑनलाइन रजिस्ट्रेशन. परीक्षा सुरू झाली आणि पहिल्या काही दिवसांत बऱ्याच सेंटर्सवर मशीन्स बंद पडली, कित्येकांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. निकाल लागायला फेब्रुवारीची अखेर उजाडली. म्हणजे नोकरी जाऊन वर्ष होत आलं होतं आणि माझ्या हातात एक पर्सेंटाइल आणि एका खाजगी इन्स्टिट्यूटचा कॉल, एवढंच होतं.

इंटरव्ह्यूला तीन जण. "व्हाय एमबीए?" मी पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवलं. तंत्रज्ञान आणि व्यवसाय यांच्यामधली दरी, मोठं चित्र, नेतृत्व वगैरे वगैरे. त्यातले एक वयस्कर गृहस्थ इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमची नोकरी गेली नसती, तर तुम्ही आज इथे आला असता का?"

मी गप्प. खरं उत्तर होतं 'नाही'. पाठ केलेलं उत्तर होतं 'हो'. दोन्हीपैकी एकही तोंडातून निघेना. सिलेक्शन झालं नाही हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये एका जुन्या सहकाऱ्याने कुठेतरी शब्द टाकला, परत कोड लिहायला लागलो आणि त्यात खूश आहे. पण त्या गृहस्थांचा प्रश्न मी फुकटात घेऊन आलो आणि गेली पंधरा वर्षं तो इतरांना विचारतोय.

आता त्यावर मी थोडं रंधा मारून वेगळा प्रश्न केलाय. समजा, उद्या सकाळी तुमच्या जुन्या कंपनीचा फोन आला. झालं गेलं विसरून जा, तोच पगार, तेच टेबल, सोमवारपासून या. तर तुम्ही फॉर्म भरणार का?

'हो' असेल तर तुम्ही खरंच एमबीए करायला निघालाय, नोकरी जाणं हे नुसतं निमित्त. जरूर भरा. 'नाही' असेल तर तुम्हाला एमबीए नकोय, तुम्हाला नोकरी हवीये. आणि नोकरी शोधायचे याहून स्वस्त मार्ग आहेत.

आता जरा हिशेब करू, कारण आपण इंजिनीअर लोक आणि भावनेपेक्षा आपल्याला एक्सेल लवकर कळतं.

पहिली गोष्ट कॅलेंडर. कॅटचं रजिस्ट्रेशन साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी किंवा त्याच्या आसपास, निकाल डिसेंबर-जानेवारीत, इंटरव्ह्यू फेब्रुवारी ते एप्रिल, आणि वर्ग सुरू जूनमध्ये. तुमची नोकरी फेब्रुवारीत गेली तर पहिलं लेक्चर बसायला सोळा महिने! अमेरिकेत जायचं म्हटलं तर पहिली फेरी सप्टेंबरात, दुसरी जानेवारीत आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे काहीही केलं तरी मधलं वर्ष-दीड वर्ष तुम्हाला काहीतरी करायचंच आहे. एमबीएचा अर्ज हा बेकारीवरचा उपाय नाहीच, कारण बेकारी आत्ता आहे आणि एमबीए पुढच्या वर्षी. इतकी साधी गोष्ट, पण मला २००९ मध्ये ती कळायला नऊ महिने लागले. आणि गंमत म्हणजे इंटरव्ह्यूला बसलेल्या लोकांना नोकरी का गेली यापेक्षा 'नंतरच्या दहा महिन्यांत काय केलंत' यात जास्त रस असतो.

दुसरी गोष्ट पैसा. इथे एक फसवा हिशेब असतो आणि तो हुशार मुलं करतात म्हणून जास्त धोकादायक. "नोकरी असताना एमबीए केलं तर पगार बुडतो. आता पगार शून्यच आहे, म्हणजे बुडायला काही नाही. म्हणजे एमबीएला हीच योग्य वेळ!" ऐकायला कसं गणिती वाटतं ना? पण तुलना शून्याशी नाहीये, पुढच्या नोकरीशी आहे. सहा वर्षांच्या अनुभवाचा माणूस काही कायमचा घरी बसत नाही. चार महिन्यांनी, आठ महिन्यांनी, पगारात थोडं कमी-जास्त होऊन काहीतरी मिळतं. म्हणजे बुडणारा पगार हा त्या नोकरीचा, शून्य नव्हे.

आणि फी. आयआयएम अहमदाबादचा दोन वर्षांचा कोर्स आता पंचवीस लाखांच्या आसपास जातो. अनुभवी लोकांच्या एक वर्षाच्या कोर्सेसना, आयएसबी वगैरे, राहणं-खाणं धरून चाळीस लाखांच्या घरात धरा. चाळीस लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, दहा वर्षं: महिन्याचा हप्ता जवळजवळ ५२ हजार. एकूण परतफेड ६२ लाख. यात शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. ८०-ई खाली व्याजाची वजावट मिळते हे खरं, पण जुन्या टॅक्स रेजिममध्येच, आणि आठ वर्षं. बँका मोठ्या नावाच्या कॉलेजसाठी तारण न घेता कर्ज देतात हेही खरं. पण कर्ज मिळतं ही गोष्ट आणि कर्ज परवडतं ही गोष्ट, यात आपल्याकडे फार गल्लत होते. (सगळीकडेच एवढं महाग आहे असंही नाही. मुंबईचं जमनालाल बजाज, १९६५ सालापासून चालू आहे आणि फी या मानाने अगदीच किरकोळ. पण तिथे घुसायला सीईटीत काय मार्क लागतात ते विचारू नका.)

तिसरी गोष्ट म्हणजे 'मंदीत आत जा, तेजीत बाहेर या' हा सिद्धान्त. प्रत्येक ऑफिसच्या चहाच्या टपरीवर हा सांगणारा एक माणूस असतोच. आणि तो सांगतो ते सगळ्यांनाच सुचतं, हीच तर अडचण आहे! बाजार पडला की अर्ज वाढतात, हा जुनाच नियम. जीमॅट घेणाऱ्या जीमॅक संस्थेच्या सर्वेक्षणात बिझनेस स्कूल्सकडे आलेले अर्ज दोन वर्षं घटून २०२४ मध्ये एकदम १२ टक्क्यांनी वाढले. म्हणजे तुमची नोकरी जाते तेव्हा तुमच्यासारख्या हजारोंची गेलेली असते, त्यातले निम्मे इंजिनीअर, आणि सगळ्यांच्या निबंधात तीच दरी आणि तेच मोठं चित्र.

बरं, बाहेर पडताना तेजी असेल याची हमी कोण देणार? हार्वर्डची आकडेवारी बघा. २०२४ च्या बॅचमधले जे नोकरी शोधत होते त्यातले २३ टक्के पदवीनंतर तीन महिन्यांनीही शोधतच होते. २०२२ मध्ये हाच आकडा १० टक्के होता. हार्वर्ड म्हणतोय मी, आमच्या गल्लीतलं कॉलेज नव्हे. ही मुलं २०२२ मध्ये आत गेली. त्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार लोक काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार. आत जाताना बाहेर काय वाढून ठेवलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. आत जायची वेळ आपल्या हातात थोडीफार असते. बाहेर यायची नसते.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हा स्वतः नापास झाला म्हणून द्राक्षं आंबट. तसं नाहीये. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी नोकरी गेल्यावर अर्ज केला आणि त्यांचं सोनं झालं. पण बारकाईने बघितलं तर त्यांचं 'का' आधीपासून तयार होतं. एकाला सप्लाय चेनमध्ये जायचं होतं आणि तो दोन वर्षं त्या विषयाबद्दलच बोलायचा, अगदी आम्हाला कंटाळा येईपर्यंत. एकीला कोडिंग नकोच होतं, फक्त राजीनामा द्यायची हिंमत होत नव्हती. कंपनीने ते काम फुकटात करून दिलं. त्यांना माझा सोमवारचा प्रश्न विचारला असता तर ते 'हो, तरीही भरणार' म्हणाले असते.

त्यांच्यासाठी (आणि ज्यांना अजून ठरवता येत नाहीये त्यांच्यासाठी) दोन व्यावहारिक गोष्टी. एक, परीक्षा आणि निर्णय वेगळे ठेवा. कॅटचा स्कोअर त्या एका प्रवेशापुरताच चालतो, पण जीमॅटचा पाच वर्षं. नोकरी नसताना हातात वेळ आहे ना, मग द्या सव्वादोन तासांची ती परीक्षा आणि ठेवा स्कोअर कपाटात. चार-पाच वर्षांहून जास्त अनुभव असेल तर तसंही एक वर्षाच्या कोर्सेसकडे बघायला हवं आणि त्यातले बरेचसे जीमॅट घेतात. नोकरी शोधा, नोकरी लागू द्या, आणि पहिला पगार जमा झाल्यानंतरच्या शनिवारी परत स्वतःला विचारा. त्या शनिवारचं उत्तर खरं.

दोन, नोकरी गेली हे लपवू नका. एसओपी लिहून देणारे जे सल्लागार असतात ते सगळ्यात आधी हेच शिकवतात, 'करिअर ब्रेक' म्हणा, 'स्वतःच्या शोधात' म्हणा, फ्रीलान्सिंग दाखवा. अहो, समोरची माणसं पेपर वाचतात! टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये १२ हजारांच्या वर लोक कमी करणार असं जाहीर केल्यावर नोकरी जाणं हा काय वैयक्तिक डाग राहिला का? अमेरिकेतल्या केलॉग स्कूलने २०२२ च्या अखेरीस टेक कंपन्यांनी काढलेल्या लोकांना जीमॅटशिवाय अर्ज करायची सूट दिली होती. म्हणजे शाळा स्वतःहून म्हणत होती, या, तुमची नोकरी गेलीये म्हणूनच या. एका वाक्यात सांगा: अमुक महिन्यात अमुक कारणाने पोस्ट रद्द झाली, टीममधले इतके लोक गेले, त्यात मी होतो. पूर्णविराम. पुढचा विषय. खोटं बोलायला तीन परिच्छेद लागतात आणि त्यातला प्रत्येक परिच्छेद इंटरव्ह्यूमध्ये सांभाळावा लागतो.

आता त्या फोनकडे येतो. इतका वेळ टाळत होतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

फेब्रुवारी २०२५. क्लायंटने बजेट कापलं. आमची चौदा जणांची टीम अकराची करायची होती. शुक्रवारी संध्याकाळी मला एक एक्सेल शीट आलं. नाव, खर्च, रेटिंग, कोण काय सांभाळतं. सोमवारी सकाळपर्यंत तीन नावं पिवळी करून पाठवायची. शनिवार-रविवार मी ते शीट उघडत-मिटत बसलो. दोन नावं सोपी होती (सोपी म्हणजे काय, तुम्हाला कळलंच). तिसरं तिचं. ती सांभाळत होती ते मोड्यूल बंद होणार होतं, हे कारण खरंच होतं. एचआरला मी तेच लिहून दिलं. पण तसंच बंद होणारं मोड्यूल अजून एकाकडे होतं, आणि तो भांडला असता. वरपर्यंत मेल गेले असते. ती भांडणार नाही हे मला माहीत होतं. चार वर्षं ती मीटिंगमध्ये कधी मोठ्याने बोलली नव्हती. तिने केलेलं काम दुसऱ्याने स्वतःच्या नावावर सांगितलं तरी गप्प बसायची. मला ते सोयीचं होतं. त्या रविवारीही सोयीचंच ठरलं.

ती खरंच भांडली नाही. लॅपटॉप जमा केला, 'थँक्स फॉर एव्हरीथिंग' असा मेल टाकला आणि गेली.

आणि सहा महिन्यांनी तिला माझ्याचकडून रेको हवा होता. दुसरं कोण देणार? शेवटचा मॅनेजर मीच. हा या प्रकरणातला एक क्रूर विनोद आहे, नोकरी गेलेल्या माणसाला शिफारस बहुतेक वेळा त्याच माणसाकडे मागावी लागते ज्याने नाव पिवळं केलं.

मी 'हो' म्हटलं आणि तिला सोमवारचा प्रश्न विचारला. ती जरा थांबली. म्हणाली, "माहीत नाही. घरी बाबा एफडी मोडायला निघालेत. साताऱ्याला गेले की सगळे विचारतात सध्या काय करतेस. निदान हे सांगता येतं." बाबा एसटीतून रिटायर झालेले. एफडी म्हणजे तीच एक. मी तिला वरचं सगळं सांगितलं, कॅलेंडर, हप्ते, हार्वर्ड. ऐकून घेतलं तिने. ती नेहमीच ऐकून घ्यायची.

मग मी तिने पाठवलेली रेकोची लिंक उघडली. बऱ्याच बिझनेस स्कूल्सचे रेकोचे प्रश्न आता सारखेच असतात. त्यातला एक असा: तुम्ही या अर्जदाराला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, तो कोणत्या प्रसंगी दिला, आणि त्यावर अर्जदाराने काय केलं?

मी त्या चौकटीसमोर बसून राहिलो. कारण असा सल्ला मी तिला कधी दिलाच नव्हता. चार अप्रेझल्स, चारही वेळा 'गुड टीम प्लेयर, कीप इट अप'. बोलत जा, तुझं काम तुझ्या नावावर सांगत जा, हे तिला सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, कारण तिच्या गप्प बसण्याने माझ्या मीटिंग लवकर संपायच्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. यादी कोणी दिली तेही, तिसरं नाव कसं ठरलं तेही.

बराच वेळ ती काहीच बोलली नाही. आणि मग ती भांडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भांडली. चाळीस मिनिटं. कोणत्या रिलीजला रात्री कोण थांबलं होतं, कोणता डिझाइन डॉक्युमेंट कोणाचा होता, माझ्या कोणत्या प्रेझेंटेशनमधल्या कोणत्या स्लाइड्स तिच्या होत्या, तारखांसकट. मी एक अक्षर बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच काही. शेवटी म्हणाली, "हे सगळं तुम्ही रेकोमध्ये लिहा." आणि फोन ठेवला.

मी लिहिलं. सल्ला काय होता, तो मी चार वर्षं उशिरा दिला, आणि तो मिळाल्यावर अर्जदाराने पहिलं काम हे केलं की माझ्या चुका मला तारखांसकट दाखवल्या. शिफारसपत्रात असं लिहितात का, मला माहीत नाही. खोटं मात्र त्यात काहीच नव्हतं.

तिनेही स्वतःचा निबंध फाडून परत लिहिला. आधीच्यात 'तंत्रज्ञान आणि व्यवसाय यांच्यामधली दरी' होती म्हणे. :-) आणि एफडी मोडू दिली नाही. नोव्हेंबरात तिला बाणेरच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, आधीपेक्षा पगार थोडा कमी. अर्जांचं म्हणाल तर एका ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी वेटलिस्टवर आहे.

मध्यंतरी फोन झाला तेव्हा मी विचारलं, "मग, सध्या काय करतेस?"

म्हणाली, "नोकरी करते. वेटलिस्ट उघडली तर जायचं की नाही ते आता ठरवेन. आता ठरवता येतं."

अजूनही 'तुम्ही'च म्हणते मला. ते काही आता बदलणार नाही.

असो. उद्या रविवार आहे. तुमच्यापैकी कोणाकडे एखादं शीट आलेलं असेल किंवा कोणी एखादा फॉर्म अर्धवट भरून ठेवला असेल. फॉर्मवाल्यांनी सोमवारचा प्रश्न स्वतःला विचारून बघा. आणि शीटवाल्यांनो, जे गप्प बसतात त्यांची नावं पिवळी करण्याआधी एकदा त्यांच्याशी बोला. नंतर रेको लिहिताना बरं पडतं.